निळं औषध आणि मास्तरांची शेपटी

माशावर उपचार करता करता स्वतः दवाखान्यात पोचलेला शिरूर तालुक्यातला मी पहिला शिक्षक असावा. आणखी कुणी असेल तर त्यानं पुढं यावं, बोलायला सोबत होईल.

मासा मंदाचा. मंदा म्हणजे माझी बायको. पुण्याहून एसटीनं येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, मांडीवर सांभाळत तिनं तो आणला होता. जातीचा 'फायटर'. बोटाएवढा, लालजांभळा, आणि मागं सोग्यासारखी झुलणारी शेपटी. मंदा गेली आणि महिन्याभरात ती शेपटी कडेनं पांढुरकी होऊन जुन्या पडद्यासारखी विरायला लागली.

दौंडला दिलेली आमची लेक रूपाली रोज सकाळी फोन करायची.

"बाबा, जेवण होतंय ना वेळेवर?"

"होतंय."

"आणि आईचा मासा?"

"मजेत आहे!"

(दोन्ही खोटं.)

फोन ठेवला की मी उठून मासा पाहायचो. बसायचो. पुन्हा उठायचो. वर्तमानपत्राचं एक पान वाचायला मला सात फेऱ्या लागायच्या. महिन्याभरात या घरातून दुसरं कुणी जाणार आणि तेही मलाच लेकीला सांगावं लागणार, या विचारानं बूड टेकवत नव्हतं.

"जावयाला एकट्याला ठेवायचं न्हाई" म्हणून माझे सासरे, आप्पा, वडगाव रासाईहून येऊन राहिले होते. स्वतःची लेक गेलेली, पण धीर मला देत होते. त्यांची उमर मेंढरांमागं गेलेली. आता शेतात ऊस असला, तरी जगातलं कुठलंही दुखणं ते मेंढरावरूनच ओळखत.

"मास्तर, मेंढराचं खूर सडलं की आम्ही त्याला मोरचुदाच्या पाण्यात हुबं करायचो."

"आप्पा, माशाला खूर नसतात."

"मग तर चारी पायांचं काम वाचलं!"

मी पडलो पुस्तकी माणूस. शाळेच्या ग्रंथालयातून मत्स्यपालनाचं पुस्तक आणलं. तळ्यात पोत्यानं चुना कसा टाकावा, हे त्यात सविस्तर दिलं होतं. (आमचं तळं लोणच्याच्या काचेच्या बरणीत मावत होतं.) शेवटी पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला.

"पर कुजतायत त्याचे," तो म्हणाला. "पाणी बदला, चिमूटभर मीठ घाला. निळं औषध पाठवतो. दोन थेंब. दोनच हां, सर!"

दुसऱ्या दिवशी एसटीनं बाटली आली. मी दोन थेंब टाकले. दहा मिनिटं वाट पाहिली. शेपटी काही वाढली नाही! आणखी दोन टाकले. मग एक फेरी मारली की दोन थेंब, असा नेमच झाला. दुपारी झाकण अडकलं, तेव्हा ते दातांनी उघडलं. तोवर बरणीत नुसती शाई झाली होती.

"मास्तर, मासा हाय का ग्येला?" आप्पांनी विचारलं.

"असावा."

"असावा म्हंजी?"

मी बरणीत हात घालून चाचपलं. मासा लागला नाही, हात तेवढा मनगटापर्यंत निळा झाला. आप्पांनी माशासाठी तांब्याभर पाण्यात मीठ कालवून टेबलावर ठेवलं आणि ते मागच्या हौदावर ताजं पाणी आणायला गेले. मी मासा खालून तरी दिसतो का हे पाहायला टेबलावर गाल टेकवला. रात्रीची झोप नव्हती. डोळा लागला.

आमच्या शेजारणी अजून पाळीपाळीनं डबा आणून देत. त्या दिवशी पाळी सुमनवहिनींची होती. त्यांनी दारातून पाहिलं, तर मास्तर टेबलावर पडलेले, हात निळा, ओठ निळे, आणि शेजारी उघडी बाटली!

"आगं बया! भाऊजींनी कायतरी घेतलं!"

मी दचकून उठलो आणि "काही नाही, काही नाही" असं सांगायला तोंड उघडलं. दातही निळे!

पुढचं सगळं मिनिटाभरात झालं. वहिनींनी माझी मान धरली आणि तांब्यातलं मिठाचं पाणी माझ्या घशात ओतलं. त्यांच्या ओरडण्यानं धावून आलेल्या चौघांनी मला उचलून जीपमध्ये घातलं.

"किती घेतलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"अर्धी बाटली. पण मी नाही, माशानं."

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. "मासा कुठं आहे?"

"दिसत नाही," मी खरं ते सांगितलं.

बाहेरच्या बाकावर सुमनवहिनींनी हंबरडा फोडला.

अर्ध्या तासानं आप्पा बाटली घेऊन आले, तेव्हा खुलासा झाला. डॉक्टर उलट वहिनींवरच उखडले. "मिठाचं पाणी कुणी पाजायला सांगितलं? पुन्हा कुणाला पाजू नका!"

"आप्पा, एवढा उशीर?" मी विचारलं.

"तुमच्यासंगं धा मानसं हुती. त्येच्यासंगं कोन हुतं?" आप्पा म्हणाले. "बरणी हळूहळू उपसली, तवा घावला. चांगल्या पाण्यात ठिवलाय, पातेल्यात. जिता हाय."

पण कुणीतरी उत्साहानं दौंडला फोन केला होता. दोन तासांनी रूपाली धावत आत आली, माझं निळं तोंड पाहिलं आणि कॉटवर कोसळून रडायला लागली.

"का केलंत बाबा असं?"

"शेपटीसाठी," मी म्हणालो.

सगळं ऐकल्यावर ती भडकली. "मग मजेत आहे, मजेत आहे, असं का सांगत होतात?"

"आई गेल्याचं तुला मीच फोनवर सांगितलं होतं," मी म्हणालो. "पुन्हा तसला फोन करवला नसता."

ती पदराचं टोक ओलं करून माझे दात पुसत राहिली. ते आठ दिवस निळेच होते.

"दुखनेकरी मेंढराला सारखं हाताळायचं नसतं," आप्पा तिला म्हणाले. "सावलीत ठिवायचं आन् आपन लांब बसायचं. मास्तरला लांब बसाय येत न्हाई."

मासा दौंडला गेला. रूपालीनं पाणी वेळेवर बदललं, चिमूटभर मीठ घातलं, आणि बाकी काही म्हणता काही केलं नाही. दोन महिन्यांत नवी शेपटी आली.

मी दर रविवारी त्याला भेटायला जातो. घरातल्या कुणाहीपुढं तो शांतपणे पोहत असतो. मी समोर आलो की मात्र कल्ले फुगवून काचेवर धावून येतो. मला वाटलं, ओळखतो बिचारा! जावयांनी खुलासा केला, "बाबा, फायटर फक्त शत्रूवरच फुगतो."