बिनगिअरचे मास्तर

मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खुर्चीवर बसून ट्रक चालवत होते. हातात स्टिअरिंग नव्हतं, पायाखाली ब्रेक नव्हता. पण वळण असं घेतलं की अख्खा वर्ग डावीकडे कलंडला. पुढच्या बाकावरच्या शिंपीणबाईंनी घाबरून माझी बाही धरली आणि मागच्या एकाला चक्क गाडी लागली.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तर फक्त नियम शिकवत. "बिनगिअरच्या स्कूटरचं लायसन्स म्हणजे मोटारसायकलचं नव्हे. मोटारसायकलचं म्हणजे कारचं नव्हे. आणि कार येते म्हणून मिनीबसला हात लावाल, तर थेट कोर्टात! समजलं?"

"हो सर!" त्यात सगळ्यांत मोठा आवाज त्यांच्या बायकोचा. नवऱ्याच्या हाताखाली कार शिकायची म्हणून ती हौसेनं आली होती आणि भेटेल त्याला सांगायची, "यांनी रणगाडा सोडून सगळं चालवलंय हो!" तेव्हा मास्तर फळा पुसायला वळत. फळा कोरा असला तरी.

परीक्षेच्या सकाळी आम्ही स्कूलच्या अंगणात जमलो. आम्हाला मिनीबसनं परीक्षेला नेणारा आणि कार शिकवणारा माणूस एकच, तो तापानं फणफणला होता. स्कूलच्या मालकीणबाई मास्तरांना म्हणाल्या, "तुम्हीच न्या यांना."

"मिनीबसचं लायसन्स वेगळं असतं बाई. मीच शिकवतो ना?" मास्तर रुबाबात म्हणाले.

"बरोबर. मग कारनं दोन खेपा करा."

बाईंनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. मास्तरांचा चेहरा उतरला.

"हिचा क्लच जरा..."

"कालच बदललाय."

"आज माझा चष्मा..."

"नाकावर आहे," बायको म्हणाली. "अहो, चला की! नव्या नवरीसारखे काय लाजताय?"

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "माझं लायसन्स स्कूटरचं आहे. बिनगिअरच्या. कारच्या परीक्षेत आपटलो, मग परत गेलोच नाही."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. एरवी मयतीतही विनोद करणारा मी, कारच्या टपावरची धूळ बोटानं पुसत राहिलो.

"आणि लग्नाआधी विकलेली ती निळी कार?" बायकोनं हळूच विचारलं.

"मामाची होती. मी धुवायचो."

तिनं त्यांच्या हातातली किल्ली घेऊन मालकीणबाईंना परत दिली. "माहेरी सगळ्यांना सांगून बसलेय हो मी," एवढंच म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली. मास्तर मागोमाग गेले, पण तिला गाठायची हिंमत न करता, अंतर राखून.

आमची परीक्षा पुढच्या महिन्यात झाली. मास्तरांची बायको पुन्हा वर्गाला आली नाही. मास्तर हल्ली एका छापखान्यात मुद्रितं तपासतात.