चिनीचं चिनी

आमच्या केजच्या वाचक मंडळात एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. त्यातले निम्मे माझ्या फजितीचे असतात. मीही ते हसत हसत सांगतो, पण सांगताना कान गरम होतात.

मी पुण्यात चिनी शिकलो आणि तिथंच कंपन्यांसाठी दुभाष्याचं काम करतो. मंडळाचे अध्यक्ष नागनाथअण्णा, खताचे दुकानदार, माझी ओळख ‘आमचा चिनी’ अशीच करून देतात. हाँगकाँगच्या कवयित्री चानबाई धनगरी ओव्या ऐकायला येणार असं ठरलं, तेव्हा अण्णांनी विचारलं, जमंल ना? मी म्हणालो, त्यात काय!

*

चानबाईंची पत्रं मला सहज वाचता यायची. मग एकदा त्यांचा फोन आला. बाई पाच मिनिटं बोलल्या आणि मला ओ की ठो कळलं नाही! त्या बोलत होत्या कँटोनीज, मला येते ती मँडरिन. लिपी एक, बोलणं वेगळं. अण्णा समोरच बसले होते. बाई खूश आहेत, असं मी ठोकून दिलं. बाईंनी नंतर लिहून कळवलं, की त्यांचा पाय मुरगळलाय.

*

शेवटी कबूल करावं लागलं, की कँटोनीजचं मँडरिन करणारा आणखी एक दुभाषी लागेल. अण्णांनी चष्मा काढला. “चिनीचं चिनी करायला मानूस कशाला लागतो रं?”

मी म्हणालो, अण्णा, आपलं बोलणं तरी पुण्यात कुठं कळतं?

“कळतंय की. त्यान्ला कळून घ्यायचं नसतंय.”

पुण्यात तोंडातून ‘न्हाई’ निघालं, की मी खोकल्याचं नाटक करतो.

*

इंटरनेटवर जाहिरात टाकली: कला-साहित्यासाठी फ्रीलान्स दुभाषी हवा. पहिले आले ते गृहस्थ यंत्रांच्या कामातले. चाचणीला त्यांना चानबाईंची ओळ दिली, ‘विहिरीचं पाणी चंद्राकडे चढतं’. त्यांनी केलं, ‘पंप व्यवस्थित चालू आहे’! मंडळ हसून लोळलं. मला हसू आलं नाही, मीही पंपवालाच.

मग वेईबाई मिळाल्या. त्यांनी एकेका शब्दावर तासभर प्रश्न विचारले. शेवटी म्हणाल्या, ओव्या गाणाऱ्या बाईंना आधी भेटा आणि अर्थ समजून घ्या. मला रागच आला. म्हटलं, ती माझ्या घरची भाषा आहे.

*

घाटनांदूरकडच्या सोनाबाई मेंढरं राखतात. कार्यक्रमात त्या गायल्या. मी मँडरिनमध्ये सांगायचो आणि मोबाईलवरून वेईबाई ते कँटोनीजमध्ये चानबाईंना ऐकवायच्या. ‘लेक माझी गेली, रान मुकं झालं’ अशी ओळ आली. लेक सासरी गेली, असं मी सांगून मोकळा झालो.

चानबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी पिशवीतून लाल कागदाची कातरलेली नक्षी काढली. त्यांच्याकडे ती लग्नघराच्या दाराला लावतात. ती सोनाबाईंच्या हातावर ठेवून त्या काहीतरी बोलल्या. वेईबाईंकडून ते माझ्यापर्यंत आलं. लेकीला द्या म्हणतात, मी सांगितलं.

सोनाबाईंनी कागद उलटून पाहिला.

“गेलेल्या लेकीला कुठं देऊ बाबा? तापात वारली ती. तू सांगितलं न्हाईस का त्यान्ला?”

अण्णा माझ्याकडे बघत होते.

“सांगितलं,” मी म्हणालो.