डाव्या होडीतला भात

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. विमान मी जवळून कधी पाहिलं नाही, पण विमानाखाली लावायच्या होड्या मी सात वर्षं बनवल्या. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

मुरबाडहून माळशेज घाटाकडं जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडं एका साहेबांनी जागा घेऊन पत्र्याची शेड टाकली होती. आधी ते वाशिंदच्या एका कारखान्यात लाकडी साचे बनवायचे. नव्वद सालानंतर ती नोकरी सोडून ते इकडं आले आणि विमानांच्या लहान प्रतिकृती करू लागले. लढाईच्या विमानांत त्यांना रस नव्हता. दोन-चार माणसं बसतील एवढं विमान, चाकांच्या जागी दोन लांबट होड्या, उतरायचं ते तळ्यावर. एवढाच त्यांचा नाद. कोणी हौशी माणूस मागणी करायचा, साहेब कुठून तरी नकाशा मिळवायचे, आणि खऱ्याच्या दहाव्या हिश्श्यात आम्ही ते उभं करायचो. पंख उभे धरले तर माझ्या छातीला लागायचे. त्या होड्यांना साहेब फ्लोट म्हणायचे, आम्ही होड्याच म्हणायचो.

माझा नवरा सुतार होता. तो गेल्यावर साहेब त्याची हत्यारं विकत मागायला घरी आले. मी म्हणाले, "हत्यारं विकायची नायत. कामाला घेत असाल तर हत्यारांसकट येते." त्यांनी एक फळी पुढं केली. मी रंधा मारून दाखवला. नवऱ्याच्या समोर बसून वीस वर्षं फळ्या धरल्या होत्या, तेवढं येत होतं.

शेडमध्ये आम्ही तिघी. मी होड्या करायची. माझ्याच गावची एक बाई पंखांवर कागद ताणायची, तिचं तोंड कधी बंद नसायचं. तिसरी बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, तिच्याकडं वार्निश आणि रंग. ही पोरगी शहापूरकडं दिलेली. नवरा मारायचा. एकदा त्यानं तिचा हात चुलीत धरला, तेव्हा ती भावाकडं निघून आली. भाऊ म्हणाला, काम करत असशील तर राहा. भावजयीला ती घरात दिवसभर नको होती. शेडमधलं काम होतं म्हणून तिला भावाचं घर होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मला ती आवडायची नाही. काम करताना गाणं गुणगुणायची. विचारलं तर उत्तर द्यायची नाही. एकदा साहेबांसमोर म्हणाली, "आत्या, ही कड तिरपी झालीय." झाली होती तिरपी. म्हणून तर राग आला.

होडीचं काम बाहेरून दिसतं तेवढं सोपं नसतं. आत पातळ लाकडाच्या फासळ्या, त्यावर कागदासारखा पातळ प्लाय ओला करून वळवायचा. तळाला मध्यावर एक पायरी ठेवायची, नाहीतर खरं विमान पाण्याला चिकटून राहतं आणि उडत नाही. आपलं कुठं उडणार होतं, पण साहेबांना पायरी लागायचीच. आत चार भिंती, म्हणजे पाच कप्पे. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे तरंगले पाहिजेत. मग वरचं झाकण चिकटवायचं आणि होडी कायमची बंद. माझ्या तळव्यांना घट्टे, त्यांना बारीक उंचवटा कळायचा नाही. मी होडी गालावर घासून बघायची.

सगळं दोन ट्यूबच्या गोंदानं चिकटवायचं. एकीतला दुसरीत कालवायचा आणि पटकन लावायचा. दुसरं काही लावायचं नाही, हा साहेबांचा नियम. पंखवालीनं एकदा शेपटीच्या कागदाला पेजेचं पाणी लावलं, तेव्हा मीच तिला दिवसभर ऐकवलं होतं.

त्या वर्षी मुंबईच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची मागणी होती. तरुणपणी ते परदेशात असंच पिवळं विमान चालवायचे. त्यांना ते पाण्यात तरंगताना पाहायचं होतं, रविवारी ते स्वतः येणार होते. बुधवारी सकाळी आम्ही विमान शेडमागच्या सिमेंटच्या टाकीत ठेवलं. साहेबांनी दोन्ही होड्यांवर पाण्याच्या रेघेला पेन्सिलीनं खूण केली. एक दिवस तसंच ठेवायचं, ही आमची रीत.

गुरुवारी सकाळी टाकीजवळ गेलो तर विमान डाव्या अंगाला कललं होतं. पंखाचं टोक पाण्यात.

साहेबांनी पट्टी लावली. "दोन बोटं खाली गेलीय," ते म्हणाले. विमान बाहेर काढून त्यांनी भिंगातून डाव्या होडीची शिवण पाहिली. झाकणाच्या कडेपासून पाण्याच्या रेघेखाली उतरलेली केसाएवढी चीर होती.

"वार्निशचे किती हात दिलेस?" त्यांनी पोरीला विचारलं.

"तीन. तुमी सांगितलात तेवढे."

"मध्ये वाळू दिलं होतंस?"

"एकेक दिवस."

"तीन हात असते तर इथं चीर पडली नसती."

"साहेब, मी मोजून तीन दिले."

पंखवाली मागून म्हणाली, "गाणी म्हणता म्हणता एक हात ऱ्हायला असंल गो."

पोरगी तिच्याकडं वळलीसुद्धा नाही. "तीन दिले," ती पुन्हा म्हणाली.

"मग पाणी कुठून गेलं ते सांग," साहेब म्हणाले. तिनं वाकून चिरेवर बोट फिरवलं. साहेब ओरडणारे नव्हते. त्यांनी भिंग पुसलं, खिशात ठेवलं आणि म्हणाले, "उद्यापर्यंत काम कर. परवापासून येऊ नकोस. तुझ्या भावाला निरोप देतो." मग माझ्याकडं पाहून, "बाई, होडी काढा आणि रिकामी करा."

तोपर्यंत मलाही वाटत होतं की वार्निशच कमी पडलं. मी होडी सोडवली, ओट्यावर नेली, तळाला गिरमिटानं भोक पाडलं. पाणी आलं ते पांढुरकं. त्याला वास होता. मी हात धुतला आणि पुन्हा वास घेतला. आंबलेला भात.

मग मला आठवलं. आषाढातले दिवस होते. साहेब तीन दिवस मुंबईला गेलेले. जाताना म्हणाले होते, "मी येईपर्यंत दोन्ही बंद करून ठेवा," आणि मी ऐटीत "व्हईल" म्हणाले होते. शेवटची भिंत बसवायची राहिली आणि ट्यूब संपत आली, उरला तो झाकणापुरताच. पावसानं रस्ता बंद, मुरबाडला जायची सोय नाही. माझ्या डब्यात मऊ भात होता. लहानपणापासून पतंग, पाकिटं, देवाच्या तसबिरीमागचा कागद, सगळं भातानंच चिकटवलेलं. मी भात बोटानं मळला, भिंतीच्या कडांना भरला, झाकणाला तो उरलेला गोंद लावला आणि होडी बंद केली. आत कोण बघायला जातंय? दुसऱ्या दिवशी साहेब नव्या ट्यूबा घेऊन आले. मी काही बोलले नाही. नंतर खरंच विसरले.

दमट हवेत तो भात सुटला असणार. भिंत हलली, वरचं झाकण उचललं गेलं, वार्निश तडकलं. पोरीनं तीन हात दिले होते. दहा दिले असते तरी तडकलं असतं.

मी ओट्यावर पाण्याची बादली ओतली, वास गेला. आत गेले आणि माझ्या जागेवर बसले. साहेबांनी विचारलं, "काही दिसलं का?" मी म्हणाले, "पानी गेला होता."

कारण सांगते. मी तिथली मोठी होते. साहेब माझ्या कामावर दुसऱ्यांदा नजर टाकत नसत. काम गेलं असतं तर घरी सुनेच्या हाताखाली बसावं लागलं असतं, आणि मी तिला आधी बरंच काही बोलून ठेवलं होतं. मी घाबरले.

शुक्रवारी दुपारी पोरीचा भाऊ सायकलवरून आला. फाटकात उभा राहूनच तिला बाहेर बोलावलं. मी तिथंच फळीला रंधा मारत होते.

"सोमवारच्या एसटीनं तुला शहापूरला सोडतो," तो म्हणाला. "त्याचा निरोप आलाय, आता मारनार नाय म्हनतो."

"दरवेळी तेच म्हनतो."

"मग मी काय करू? काम होता तवर घरात कोन काय बोललं का तुला? आता तू नि ती दिवसभर घरात. डोकी फोडाल एकमेकींची."

"दुसरा काम बघते."

"साहेब सांगतो नीट काम करत नाय. तुला आता कोन ठेवनार?"

ती आत आली आणि रॉकेलमध्ये ब्रश धुवायला बसली. एकेक ब्रश धुऊन, पुसून, डब्यात उभा केला. बाही वर सरकलेली, मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा चट्टा. मी दुसरीकडं बघितलं. संध्याकाळी पोरगी कोणाला न सांगता निघून गेली.

शनिवारी सकाळी साहेबांनी नवा प्लाय काढून माझ्यासमोर ठेवला. "दोन्ही होड्या नव्यानं करू. रविवारचं काय करायचं बघतो," ते म्हणाले. "ती डावी बंबात घाला. डोळ्यांसमोर नको."

मी होडी उचलली. बंब शेडच्या मागं; साहेब तिथल्याच खोलीत राहायचे, त्यांच्या अंघोळीचं पाणी तापत होतं. मी बंबापाशी उभी राहिले. आत विस्तव चांगला पेटलेला. होडी हलकी, सुकलेली, क्षणात जळली असती. मग कुणालाच कधी कळलं नसतं. पोरगी सोमवारी शहापूरला गेली असती, आणि मी नव्या होड्या केल्या असत्या, आणखी चांगल्या.

साहेबांनी आतून हाक मारली, "बाई, घातली का?"

मी होडी तशीच घेऊन आत गेले, त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पटाशी मारून झाकण उचकटलं. सुटलेली भिंत आडवी पडली होती. कडांना पिवळट गोळे. मी नखानं एक गोळा काढून त्यांच्या पुढं धरला.

"हे काय?"

"भात. माझ्या डब्यातला. तुमी मुंबईला होतात, ट्यूब संपली, तवा लावला. वार्निशचा काय दोष नाय."

त्यांनी वास घेतला. ती आडवी पडलेली भिंत बोटानं हलवून पाहिली. "तुम्हाला कधी कळलं?"

"परवा. होडी रिकामी केली तवा."

"परवा मी विचारलं होतं तुम्हाला."

"होय."

पंखवालीनं हातातला कागद खाली ठेवला. साहेब उठले, बाहेर जाऊन आले. "तुम्हाला ठेवावं की काढावं, मला आज ठरवता येत नाही," ते म्हणाले.

"ते तुमी ठरवा. पन तिच्या भावाला सांगा. तो सोमवारी तिला नेऊन सोडनार हाय."

"मी नाही सांगणार. खोटं माझ्या तोंडून गेलं ते तुमच्यामुळं. तुम्ही जा, तिला सोमवारपासून कामावर यायला सांगा. आत्ता जा." आणि फोनकडं वळून त्यांनी मुंबईचा नंबर लावला. महिनाभर उशीर होईल, एवढंच त्या गृहस्थांना सांगितलं.

भावाची वाडी अर्ध्या तासावर. मी उन्हातून गेले. तो अंगणात खाटेवर बसला होता, भावजय दारात तांदूळ पाखडत होती. शेजारच्या दोन बायका बसलेल्या. त्यांना उठवायचं का, असा विचार आला आणि मी तो सोडून दिला. खांबाला एक कापडी पिशवी टेकवलेली होती, भरलेली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पहिल्यांदा त्याला कळलं नाही.

"म्हातारे, भातानं काय व्हतंय?"

"होडी बुडतेय. मी लावला, तिनं नाय."

शेजारची एक बाई हसली. "आगो बया, इमान भातानं चिकटवला!"

भावजय सूप खाली ठेवून म्हणाली, "साहेबानं येऊन सांगू दे."

"साहेबानंच धाडलंय मला."

"आनि उद्या पुन्हा काय बिघडला म्हंजे? पुन्हा हिलाच काढील."

"पुढल्या वेळी आधी मला काढील," मी म्हणाले. "आताच काढतो का ठेवतो ते ठरला नाय. तिला मात्र ठेवलीय."

भाऊ खाटेवरून उठला. बायकोकडं बघितलं, मग पिशवीकडं. "पिशवी आत ठेव गो," तो कुणाकडंही न बघता म्हणाला.

पोरगी दारामागून बाहेर आली. सगळं ऐकत उभी होती.

"तुला कवा कळला?" तिनं मला विचारलं.

"गुरुवारी."

"काल ह्यो फाटकात बोलत होता तवा तू तिथंच होतीस."

"होय."

"मग बोलली का नाय?"

"घाबरले."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मला वाटलं शिवी देईल, आणि दिली असती तर मी घेतली असती. तिनं पिशवी उचलून खांद्याला लावली.

"साहेबाला सांग सोमवारी येते," ती म्हणाली. "आनि आत्या, नव्या होड्यांची झाकनं मी येईस्तवर बंद करायची नाय. मी आत बघीन, मग बंद कर."

"बघ," मी म्हणाले.

ती पिशवी घेऊन आत गेली. मला कुणी बस म्हटलं नाही. मी परत निघाले.