यूपीएस नको, असं मी लिहिलं होतं

शिरूरमध्ये माझा कॉम्प्युटर क्लास होता, तेव्हा एका स्थानिक साप्ताहिकात मी कॉम्प्युटर कोणता घ्यावा यावर लेख लिहिला. कंपनीचा घेऊ नका, पुण्यातून असेंबल करून घ्या, आणि यूपीएसवर खर्च करण्यापेक्षा रॅम वाढवा, असा माझा सल्ला. क्लासच्या पत्त्यावर पत्रं येऊ लागली. दौंडच्या एका रेल्वे कर्मचाऱ्यानं शाबासकी दिली. केडगावच्या एका बाईंनी मात्र विचारलं, 'आमच्याकडं लाइट दिवसातून सहा वेळा जाते. तुम्ही राहता कुठं?' ते पत्र मी क्लासमध्ये हसत हसत वाचून दाखवलं.

पाच-सहा महिन्यांनी निमोण्याचे एक निवृत्त गुरुजी आले. गोधडीत गुंडाळलेला सीपीयू एसटीत मांडीवर धरून आणला होता.

"सर, तुमच्या लेखावरनंच घेतला. लाइट गेली, आली, आन् परत चालूच होईना."

मी उघडून पाहिलं. हार्डडिस्क नुसती टकटक करत होती.

"यात काय होतं, गुरुजी?"

"जात्यावरच्या ओव्या. धनगरवस्त्यांवरच्या म्हाताऱ्यांकडनं पंधरा वर्षं लिहून घेतल्या. वह्यांना वाळवी लागली, म्हणून तर कॉम्प्युटर घेतला."

"वह्या आहेत ना?"

"सगळं टाईप झाल्यावर जाळल्या. घरभर वाळवी नको."

"फ्लॉपीवर नाही घेतलं?"

"तसं कुठं लिहिलं हुतं तुम्ही?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

डिस्क घेऊन मी पुण्यात दोन ठिकाणी फिरलो. काही निघालं नाही. साप्ताहिकात चार ओळींची दुरुस्ती छापून आणली. तिची कुणी दखलही घेतली नाही. शेवटी एका रविवारी कोरी वही घेऊन मी गुरुजींबरोबर वस्तीवर गेलो. ज्यांनी ओव्या दिल्या होत्या त्यांतली एकच म्हातारी हयात होती. बाजेवर पडून होती.

गुरुजी तिच्या उशाशी बसले. "मावशी, एखादी म्हणा की."

ती बराच वेळ आठवत राहिली. ओठ हलले, पण शब्द आला नाही.

"न्हाई येत रं आता. तवा दिली हुती की समदी. तुझ्याकडं हायती न्हवं?"

"व्हय मावशी," गुरुजी म्हणाले. "हायती."

वही मी पिशवीतून काढलीच नाही. ती म्हातारी त्याच उन्हाळ्यात गेली.