तिच्या घरी गेलेला फोन

परीक्षेत मार खाल्लेल्या मुलींशी बोलण्यासाठी आमच्या कॉलेजात एक समुपदेशन सेल होता. मला स्वतःला पहिल्या वर्षी बॅक लागली होती, म्हणजे एक विषय राहिला होता, म्हणून सेल चालवणाऱ्या मॅडमनी तिसऱ्या वर्षी मला तिथे बसवलं. "तुला त्यांचं कळेल," त्या म्हणाल्या. मी कमी बोलते, हाही त्यांना गुणच वाटला असावा.

एक दिवस एक मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. ती देवासची होती. इथे इंदूरला स्नेहलतागंजात खोली घेऊन राहायची. मॅथ्समध्ये बॅक लागली होती आणि घरी माहीत नव्हतं.

"दीदी, तुम्ही पण मराठी ना? मग बरं झालं. हिंदीत रडलं की मला खोटं वाटतं."

माझं मराठी घरापुरतं. दुसऱ्याला धीर देण्याएवढं ते मला कधी लागलंच नव्हतं. सेलने दिलेली इंग्रजी कार्डं समोर होती; त्यांतलं एक मी मराठी करून वाचलं. "हे अपयश नाही, शिकायची संधी आहे."

"हे पापांना येऊन सांगा ना तुम्ही," ती म्हणाली. नापास झाली तर परत बोलवायचं, या अटीवरच त्यांनी तिला इंदूरला पाठवलं होतं. काकूने एक स्थळही बघून ठेवलं होतं.

"तुमच्या घरी काय बोलले, तुमची बॅक लागली तेव्हा?"

"सांगितलंच नाही. गुपचूप काढली."

ती पहिल्यांदा हसली. "मग मी पण तेच करते. पुढच्या परीक्षेला चार महिनेच तर आहेत." मग हसता हसताच रडायला लागली, आणि बराच वेळ थांबली नाही.

मला तिच्या पाठीवर हात ठेवता आला नाही. ती गेल्यावर मी फॉर्म भरला, ते मला जमत होतं. तणाव किती, या प्रश्नापुढे 'तीव्र' वर खूण केली. तीव्र असेल तर पालकांना कळवलं जाईल, असं खाली लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. मॅडम आधी तिला बोलावतील, तिला विचारतील, असं मी धरून चालले.

मॅडमनी त्याच दुपारी फोन केला.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. मी जिन्यात भेटले तर त्यांनी हात जोडले. इतके सभ्य असतील असं मला वाटलं नव्हतं.

"तुमच्यामुळे वेळेत कळलं, बेटा. हिने तर आम्हाला अंधारातच ठेवलं असतं." मग म्हणाले, "मी हिला म्हटलं, त्या दीदीला बघ. तिला लागली का कधी बॅक? लागली का हो?"

ती त्यांच्या मागे उभी होती, खांद्याला बॅग, हातात उशी. माझ्याकडे बघत होती. माझे काका देवासलाच असतात, मराठी घरं तिथे एकमेकांना ओळखतात, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

"नाही काका," मी म्हटलं.

तिने मान वळवली आणि वडिलांच्या आधी जिना उतरून गेली.

मी 'हो' म्हटलं असतं तरी त्यांनी तिला नेलंच असतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे.