सुट्टीआधी नेलेली मुलगी

नवऱ्याची चंदीगडला बदली झाली तेव्हा मी तिशीची होते. आम्ही साताऱ्याकडचे. आमच्याच सेक्टरातल्या एका लहान शाळेत मला दुसरीचा वर्ग मिळाला. माझी हिंदी मोडकीतोडकी, पण मुलं सांभाळून घ्यायची.

वर्गात एक अबोल मुलगी होती. तिची आई नर्स होती आणि रोज स्वतः न्यायला यायची. जानेवारीतल्या एका दिवशी, शाळा सुटायला तासभर असताना, चपराशी एका माणसाला घेऊन वर्गाच्या दाराशी आला. अंगात चांगला कोट, बोलणं अदबीचं.

"मैं इसका पिता हूँ जी. इसकी नानी बहुत बीमार है."

मी मुलीला विचारलं, "ये कौन हैं?"

"पापा," ती म्हणाली. तिने सावकाश दप्तर भरलं आणि दारातून जाताना वळून माझ्याकडे पाहिलं. ते मला दिसलं होतं. पण पाढा अर्धा लिहून झाला होता, मी फळ्याकडे वळले.

शाळा सुटल्यावर आई आली. मुलगी वडिलांबरोबर गेली असं मी सांगताच ती पायरीवरच बसली. मग म्हणाली, "मैंने चिट्ठी दी थी. मेरे सिवा किसी को मत देना, लिखकर दिया था. आपको किसी ने बताया नहीं?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं. ती नवऱ्याचा मार खाऊन वेगळी झाली होती, हेही मला तेव्हाच कळलं. मुख्याध्यापिकाबाईंनी टेबलाचा खण उघडला. चिठ्ठी तिथेच होती. "सांगायचं राहून गेलं," त्या हिंदीत पुटपुटल्या. पुढच्याच क्षणी म्हणाल्या, "पण तुम्ही तरी मला न विचारता कसं सोडलंत?"

तो तिला बसने गावाबाहेर नेईल म्हणून मी मुलीच्या आईला उठवलं.

आम्ही दोघी रिक्षाने सतरा सेक्टरच्या बसस्टँडवर गेलो. अंबाला, पतियाळा, दिल्ली, कंडक्टर ओरडत होते. दिसेल त्या बसमध्ये मी चढत होते, सीटखाली वाकून बघत होते. लोक शाली सावरून बाजूला होत. आई बाहेरून खिडक्यांवर हात आपटत मुलीला हाका मारत होती. एक बस आमच्यासमोरून सुटली. मी तिच्यामागे धावले, चप्पल तुटली, बस निघून गेली. त्या बसमध्ये ती होती की नाही, मला आजही माहीत नाही.

चौकीतला हवालदार आमचं ऐकून म्हणाला, "बाप ही तो ले गया है. बाप कोई चोर होता है?"

घरी नवरा म्हणाला, "तुला काय कल्पना असणार?" समजूत घालण्यासाठीच म्हणाला तो, पण मी त्याच्यावर खेकसले. आमचा मुलगा शेजारी झोपला होता. त्याच्या अंगावरचं पांघरूण मी पुन्हा पुन्हा नीट करत राहिले.

त्यानंतर मुलीची आई रोज शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी येऊन उभी राहायची. न्यायला कोणी नसताना. मला तिच्यासमोरूनच जावं लागे. आठवडाभर मी मान खाली घालून गेले. मग एक दिवस तिच्याशेजारी उभी राहिले. ती सरकली नाही.

मधल्या काळात मी कोणाच्याही आजोबांना, काकांना मूल देईना. लोक चिडत. एका आजोबांनी तर मला पंजाबीत चांगलंच सुनावलं. मी दारात हात आडवा धरून उभी राहिले.

उन्हाळा लागता लागता मुलगी सापडली. हरियाणातल्या एका खेड्यात, वडिलांच्या बहिणीकडे. तिच्या मामाने आणि एका वकिलाने मिळून तिला परत आणलं. शाळेत आली तेव्हा केस अगदी बारीक कापलेले होते आणि बोलताना ती अडखळत होती. दप्तर खाली ठेवेना, दिवसभर मांडीवर घेऊन बसली.

मधल्या सुट्टीत मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "उस दिन तुम्हें जाने दिया, वो मेरी गलती थी. तुम्हारी नहीं."

ती जमिनीकडे बघतच म्हणाली, "पानी पीने जाऊँ?"

मी तिच्याबरोबर नळापर्यंत गेले. तिने माझा हात धरला नाही.