स्कुबाचा फॉर्म आणि कंपनीचा वास

मालवणला जायचं ठरलं आणि अकरावीतल्या माझ्या लेकीने स्कुबाचं खूळ काढलं. पोहता यायला लागत नाही म्हणे, माणूस धरून खाली नेतो. सासूबाईंना बोटीत बसवायचं आणि आम्ही तिघांनी पाण्यात उतरायचं. मी "बरं" म्हटलं. वाटलं, आठ दिवसांत विसरेल. विसरते कसली! बापाचीच लेक.

रविवारी जेवणं झाल्यावर ती मोबाईल घेऊन बसली. स्कुबावाल्यांनी फॉर्म पाठवला होता, प्रत्येकाची तब्येत भरायची. "हार्टचं काही? नाही. बीपी? पप्पा, नाही ना? दमा?"

माझ्या हातातला बडीशेपेचा डबा हातातच राहिला.

मला दमा आहे. लहानपणापासून. बदलापूर गावात माहेरी सगळ्यांना ठाऊक, इथे अंबरनाथला सासरी एकालाही नाही. मुलगा बघायला आला तेव्हा आईने बजावलं होतं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. दम्याचं नाव काढलंस तर कोण करेल तुला?" पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर जाण्याआधी मी मोरीत उभी राहून दम्याचा पंप ओढला होता.

तेव्हापासून पंप तांदळाच्या डब्यात. संपला की ड्रेस मटेरियलच्या नावाखाली उल्हासनगर गाठायचं, कारण इथल्या मेडिकलवाल्याची बायको आमच्याच भिशीत आहे. तिथला सिंधी दुकानदार "आओ दीदी" म्हणत न विचारता पंप काढून ठेवतो. त्याला माहीत आहे, माझ्या नवऱ्याला नाही. घरात दम लागला की मी खिडक्या लावायची आणि कंपन्यांना शिव्या घालायची, "सोडला बघा मेल्यांनी गॅस!" एमआयडीसीचा वास इथे रोजचाच, कुणाला शंका आली नाही. लेक लहानपणी खोकायला लागली तरी तेच वाक्य माझ्या तोंडून आपोआप यायचं.

"आई, सगळ्यांचं 'नाही' करते हं."

"दम्याचं कशाला विचारतात गं?" मी उगाच विचारल्यासारखं विचारलं.

"खाली श्वास अडकला तर जीव जाईल ना. दमा असेल तर नेतच नाहीत. आपल्याला कुठे आहे? मला होतं ते तुझ्यासारखं, कंपनीच्या वासाने. कॉलेजचा जिना चढले तरी छाती वाजते."

कॉलेजच्या जिन्यात कसली आलीय कंपनी! बोलावं तर इतक्या वर्षांची लबाडी उघडी पडणार, तीही सासूबाईंसमोर. गप्प बसावं तर ही पोर पाण्याखाली जाणार. स्वतःचीच चीड आली, आईची त्याहून जास्त.

"कर गं सबमिट," नवरा म्हणाला.

"थांब!" मी ओरडलेच. उठले, तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि पंप आणून टेबलावर ठेवला.

नवऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला. सासूबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"लग्नाआधीपासून."

मी दोघांच्या बोलण्याची वाट बघत होते, काहीही बोला म्हणून. लेकीने पंप हातात घेतला, त्याला चिकटलेले दोन तांदूळ झटकले.

"तू हा घेत होतीस," ती म्हणाली, "आणि मला नुसत्या खिडक्या लावायला सांगायचीस?"